प्लगिनमधून प्रोजेक्टचं फोल्डर शोधायचं कसं?

आयडीईसाठी, म्हणजे कोड लिहायच्या सॉफ्टवेअरसाठी, प्लगिन, म्हणजे त्यात नवी सोय जोडणारा छोटा प्रोग्राम, लिहायला घेतलं की पहिल्या एक-दोन दिवसांतच हा प्रश्न येतो. खिडकीत जो प्रोजेक्ट उघडा आहे, त्याचं फोल्डर डिस्कवर कुठे आहे, हे माझ्या कोडला कळणार कसं? वरवर पाहता उत्तर एका ओळीचं आहे. जेटब्रेन्स कंपनीच्या इंटेलिजे या आयडीईच्या प्लगिनमध्ये प्रोजेक्ट नावाचा ऑब्जेक्ट मिळतो, त्यावर गेटबेसपाथ ही मेथड आहे, ती बोलावली की पाथ हातात पडतो. आपल्या लॅपटॉपवर ते चालतंही. मग प्लगिन दुसऱ्याच्या मशीनवर जातं. तिथे कधी नल, म्हणजे 'काहीच नाही', येतं, कधी भलतंच फोल्डर येतं, तर कधी फोल्डर बरोबर असूनही फाइल सापडत नाही.

याचं कारण असं की 'प्रोजेक्टचं फोल्डर' या दोन शब्दांत किमान चार गोष्टी दडलेल्या असतात: वापरणाऱ्याने उघडलेलं फोल्डर, आयडीईने आपली सेटिंग्ज जिथे ठेवली ते फोल्डर, समोरची फाइल ज्या मॉड्यूलची (प्रोजेक्टच्या उपविभागाची) आहे त्याचं फोल्डर, आणि गिटचं, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाचं, मूळ फोल्डर. साध्या प्रोजेक्टमध्ये या चारही गोष्टी एकाच जागी असतात, म्हणून फरक कळतच नाही. कोड लिहिण्याआधी यातलं आपल्याला कोणतं हवं आहे ते ठरवा. बरीचशी डोकेदुखी तिथेच संपते.

मेथडांची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. कोड लिहिताना दोन-चार अक्षरं टाइप केली की एडिटर पूर्ण नाव सुचवतोच.

एक उदाहरण सोबत घेऊन चालू. समजा, जळगावातली चार-पाच जणांची टीम केळीच्या व्यापाऱ्यांसाठी अ‍ॅप बनवते आहे. रावेर, यावल, चोपडा भागातून येणाऱ्या मालाचं वजन, भाव आणि शेतकऱ्याला द्यायची हिशोबपट्टी असं सगळं मोबाइलवर. अ‍ॅप अँड्रॉइड स्टुडिओत, सर्व्हरचा कोड वेगळा. स्क्रीनवरचा सगळा मजकूर मराठीत. पण एकाने 'तूट' लिहिलंय, दुसऱ्याने त्याच जागी 'घट'. कुठे 'पट्टी', कुठे 'बिल'. व्यापारी विचारतो, "काय भो, हे दोन आकडे वेगळे आहेत का?" म्हणून टीमने ठरवलं की मान्य शब्दांची एक साधी टेक्स्ट फाइल प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ठेवायची, आणि एक छोटं प्लगिन लिहायचं. यादीबाहेरचा शब्द स्क्रीनच्या मजकुरात दिसला की त्याखाली पिवळी रेघ. बाकी सगळं सोपं आहे. प्लगिनला ती यादी सापडली पाहिजे, एवढीच मेख.

नवखा माणूस पहिल्यांदा काय करतो? जावाच्या फाइल क्लासला नुसतं 'शब्दयादी' एवढं नाव देतो आणि उघडायला सांगतो. कमांड लाइनवर चालणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये हे चालत आलेलं असतं, कारण तिथे आपण प्रोग्राम ज्या फोल्डरमधून चालवतो तेच चालू फोल्डर असतं. प्लगिन मात्र स्वतंत्र प्रोग्राम नसतं, ते आयडीईच्या पोटात चालतं. त्यामुळे चालू फोल्डर आयडीईचं असतं: विंडोजवर शॉर्टकटमधून उघडली तर बहुधा तिच्याच इन्स्टॉलेशनमधलं बिन फोल्डर, मॅकवर डॉकमधून उघडली तर डिस्कचं मूळ, टर्मिनलमधून उघडली तर टर्मिनल जिथे होतं ते. शिवाय इंटेलिजेत तीन प्रोजेक्ट तीन खिडक्यांत उघडले तरी मागे प्रोसेस एकच असते. एका प्रोसेसचं चालू फोल्डर एकच. ते तिन्ही प्रोजेक्टना लागू पडणं शक्यच नाही. तेव्हा चालू फोल्डर सांगणारं जावाचं यूजर डॉट डिर, जावास्क्रिप्टच्या नोडमधलं प्रोसेस डॉट सीडब्ल्यूडी, आणि पाथच्या सुरुवातीचं ते निरागस टिंब, हे सगळं प्लगिनमध्ये विसरून जायचं.

दुसरा तसाच चकवा म्हणजे प्लगिनच्या स्वतःच्या क्लासवरून पाथ काढणं. त्यातून प्लगिनची जार फाइल (प्लगिनचा बांधलेला गठ्ठा) कुठे आहे ते कळतं. प्लगिनसोबत येणारे आयकॉन किंवा टेम्प्लेट शोधायला ते ठीक आहे. वापरणाऱ्याच्या प्रोजेक्टशी त्याचा काही संबंध नाही.

आता इंटेलिजे आणि तिच्यावर उभी असलेली अँड्रॉइड स्टुडिओ. पाथ विचारण्याआधी कोणत्या प्रोजेक्टचा ते पक्कं करायचं. इंटरनेटवरून उचललेल्या कोडमध्ये एक ओळ फार दिसते: प्रोजेक्टमॅनेजरकडून उघड्या प्रोजेक्टची यादी मागवायची आणि तिच्यातला पहिला घ्यायचा. एकच खिडकी उघडी असेपर्यंत हे बिनबोभाट चालतं. आपल्या टीममधल्या एकीने अ‍ॅप आणि सर्व्हर दोन्ही शेजारी-शेजारी उघडले, की अ‍ॅपच्या खिडकीत काम करताना यादी वाचली जाते सर्व्हरची. वाचण्यापुरतं असेल तर चुकीच्या रेघा दिसतील. पण प्लगिन फाइल लिहिणारं असेल तर दुसऱ्याच प्रोजेक्टमध्ये फाइल तयार होईल, आणि ती कुठून आली हे शोधण्यात कुणाची तरी संध्याकाळ जाईल.

खरं तर यादी मागवायची गरजच नसते. आयडीई जेव्हा जेव्हा आपल्या कोडला बोलावते, तेव्हा प्रोजेक्ट ती स्वतःच देते. मेनूतली कमांड असेल तर अ‍ॅक्शन-इव्हेंटवर गेटप्रोजेक्ट आहे. कोड तपासणारं इन्स्पेक्शन असेल तर समोरच्या पीएसआय घटकावर (इंटेलिजेने कोड वाचून बनवलेल्या रचनेचा एक तुकडा) गेटप्रोजेक्ट आहे. प्रोजेक्ट-पातळीवरची सर्व्हिस असेल तर तिच्या कन्स्ट्रक्टरला प्रोजेक्ट मिळतो, आणि प्रोजेक्ट उघडताना चालणारा कोड असेल तर तो पॅरामीटर म्हणून येतो. जे मिळालंय ते पुढच्या फंक्शनला देत जायचं, स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये साठवून ठेवायचं नाही. एक लक्षात ठेवा: अ‍ॅक्शन-इव्हेंटवरचा प्रोजेक्ट नल असू शकतो. आयडीई नुकतीच उघडली आहे, स्वागताची खिडकी दिसते आहे, प्रोजेक्ट उघडलेलाच नाही, आणि कुणीतरी शॉर्टकट दाबला. म्हणून अपडेट मेथडमध्येच बघायचं, आणि प्रोजेक्ट नसेल तर कमांड दिसूच द्यायची नाही.

आता गेटबेसपाथ. ही मेथड प्रोजेक्टच्या बेस फोल्डरचा पाथ स्ट्रिंग म्हणून देते. हल्लीच्या प्रोजेक्टमध्ये बेस फोल्डर म्हणजे ज्याच्या आत डॉट-आयडिया हे सेटिंग्जचं फोल्डर असतं ते. फार जुना, आयपीआर फाइलवाला प्रोजेक्ट असेल तर ती फाइल जिथे आहे ते. 'डिफॉल्ट प्रोजेक्ट' नावाचा एक आभासी प्रोजेक्टही असतो. पुढे तयार होणाऱ्या नव्या प्रोजेक्टसाठीची सेटिंग्ज त्यात ठेवलेली असतात, आणि त्याला डिस्कवर जागाच नसते. तिथे गेटबेसपाथ नल देते. म्हणजे ही मेथड पूर्ण प्रामाणिक आहे, फक्त तिला काय विचारलंय ते आपल्याला माहीत हवं. डॉट-आयडिया कुणाच्या आत आहे, एवढंच ती सांगते.

आणि ते फोल्डर वापरणाऱ्याच्या हातात असतं. टीममधल्या एकाने अख्खं गिट रिपॉझिटरी उघडलं, दुसऱ्याने त्यातलं फक्त 'अ‍ॅप' हे आतलं फोल्डर उघडलं, तर डॉट-आयडिया दोन वेगळ्या जागी तयार होतं. कोड तोच, गिट तेच, पण बेसपाथ वेगळा. एकाच्या मशीनवर यादी सापडते आणि दुसऱ्याच्या मशीनवर सापडत नाही, यामागे बरेचदा हेच असतं. गिटचं मूळ फोल्डर हवं असेल तर ते व्हर्जन कंट्रोलच्या मॅनेजरला विचारायचं. प्रोजेक्टलेव्हलव्हीसीएसमॅनेजरवर गेटव्हीसीएसरूटफॉर आहे, तिला फाइल दिली की झालं.

जुन्या कोडमध्ये गेटबेसडिर ही मेथडही दिसेल. ती स्ट्रिंगऐवजी व्हर्च्युअलफाइल, म्हणजे फाइलसाठीचा इंटेलिजेचा स्वतःचा ऑब्जेक्ट, देत असे. आता ती वापरू नका असं खुद्द जेटब्रेन्स सांगते. तिच्या जागी गेसप्रोजेक्टडिर आली आहे. नावातच 'गेस' आहे, म्हणजे अंदाज, आणि हा नावातला खरेपणा मला आवडतो. प्रोजेक्टमध्ये एकच मॉड्यूल असेल, किंवा प्रोजेक्टच्याच नावाचं एखादं मॉड्यूल असेल, तर साधारणपणे त्याचं फोल्डर ती देते. नाहीतर बेसपाथवर येते. संवादखिडकीत 'फाइल कुठे ठेवू?' असं विचारताना सुरुवातीचं फोल्डर दाखवायला हे पुरेसं आहे. हिशोब चुकला तर चालणार नाही अशा जागी अंदाजावर विसंबू नये.

अंदाज का करावा लागतो, ते आपल्याकडच्या शेतीवरून चटकन कळेल. यावल तालुक्यातल्या शेतकऱ्याला विचारा, "दादा, तुमचं शेत कुठे?" घर गावात आहे. एक गट तापीच्या काठाला, दुसरा सातपुड्याच्या पायथ्याशी दुसऱ्याच गावच्या शिवारात. सातबाऱ्याचे उतारे मात्र सगळे घरच्या कपाटात. इंटेलिजेचा प्रोजेक्ट असाच असतो. बेसपाथ म्हणजे उतारे ठेवलेलं घर. प्रत्यक्ष कोड जिथे आहे त्या जागांना कंटेंट रूट म्हणतात, त्या एकापेक्षा जास्त असू शकतात, आणि त्यातली एखादी बेसपाथच्या बाहेरही असू शकते. घराचा पत्ता घेऊन गेलं म्हणून बांधावर पोचता येत नाही.

म्हणून हातात फाइल असेल तर सुरुवात फाइलपासूनच करावी. प्रोजेक्टफाइलइंडेक्स या सर्व्हिसवर गेटकंटेंटरूटफॉरफाइल आहे. फाइल दिली की ती कोणत्या रूटखाली येते ते कळतं. फाइल प्रोजेक्टबाहेरची असेल, म्हणजे एखाद्या लायब्ररीतली किंवा डाउनलोड्समधून सहज उघडलेली, तर नल येतं. आणि अशा वेळी नल हेच बरोबर उत्तर आहे. मॉड्यूल हातात असेल तर मॉड्यूलरूटमॅनेजरकडून त्याचे सगळे कंटेंट रूट मिळतात. इंडेक्सला विचारताना रीड अ‍ॅक्शनच्या (आपण वाचत असताना मध्येच बदल होऊ न देणाऱ्या कुलपाच्या) आत राहायचं, नाहीतर मागच्या थ्रेडवरून विचारल्याबद्दल एक्सेप्शन ऐकून घ्यावं लागतं.

ग्रेडल हे अ‍ॅप बिल्ड करायचं साधन वापरणाऱ्यांना इथे एक ठेच हमखास लागते. ग्रेडलचा प्रोजेक्ट इंटेलिजेत आणला की ती प्रत्येक सोर्स-सेटसाठी (मुख्य कोड, टेस्ट अशा कोडच्या गटासाठी) वेगळं मॉड्यूल बनवू शकते. 'सर्व्हर' नावाचा एक ग्रेडल प्रोजेक्ट आणला तर आत तीन मॉड्यूल दिसतात: 'सर्व्हर', 'सर्व्हर डॉट मेन' आणि 'सर्व्हर डॉट टेस्ट'. आपली फाइल 'मेन'मध्ये असते, आणि त्या मॉड्यूलचा कंटेंट रूट असतो एसआरसीच्या आतलं मेन फोल्डर. तुम्ही फाइलवरून मॉड्यूल काढलं, मॉड्यूलवरून पहिला कंटेंट रूट काढला आणि तिथे शब्दयादी शोधली, तर ती नसणारच. ती दोन पायऱ्या वर, बिल्ड फाइलच्या शेजारी आहे. ग्रेडलच्या दृष्टीने त्या मॉड्यूलचं फोल्डर हवं असेल तर एक्स्टर्नलसिस्टिमएपीआययूटिल या क्लासमध्ये गेटएक्स्टर्नलप्रोजेक्टपाथ आहे, आणि सगळ्यात वरचं मूळ हवं असेल तर गेटएक्स्टर्नलरूटप्रोजेक्टपाथ.

आपल्या शब्दयादीसाठी मी यातलं काहीच निवडणार नाही. समोरच्या फाइलच्या फोल्डरमध्ये यादी आहे का बघायचं. नसेल तर वरच्या फोल्डरमध्ये, मग त्याच्या वर, असं चढत जायचं. गिट आपलं डॉट-गिट फोल्डर असंच शोधतं, म्हणून रिपॉझिटरीच्या कुठल्याही आतल्या फोल्डरमधून गिटची कमांड चालते. याचा फायदा असा की कुणी अख्खं रिपॉझिटरी उघडो की नुसतं 'अ‍ॅप', उत्तर तेच येतं. शिवाय 'अ‍ॅप'साठी वेगळी आणि 'सर्व्हर'साठी वेगळी यादी ठेवायची सोय फुकटात मिळते. फक्त चढणं कुठे थांबवायचं ते आधी ठरवा. गिटच्या मूळ फोल्डरवर थांबलात तर उत्तम. थांबलातच नाहीत तर कधीतरी कुणाच्या होम फोल्डरमध्ये पडलेली जुनी यादी उचलली जाईल.

पाथ मिळाला तरी तो हाताळण्यात काही खड्डे आहेत. इंटेलिजे आतून सगळीकडे पुढे झुकलेली रेघ वापरते, विंडोजवरसुद्धा. तुम्ही बेसपाथला जावाचा सेपरेटर जोडून पुढे नाव लावलं, तर अर्ध्या रेघा एका दिशेच्या आणि अर्ध्या दुसऱ्या दिशेच्या होतात. फाइल बहुधा उघडते, पण दोन पाथ स्ट्रिंग म्हणून ताडून पाहिले की 'वेगळे' ठरतात. त्याहून वाईट म्हणजे 'ही फाइल या फोल्डरमधली आहे का?' हे स्ट्रिंगच्या सुरुवातीवरून ठरवणं. 'डी:/कामं/केळी' आणि 'डी:/कामं/केळी-जुनं' ही दोन शेजारची फोल्डरं घ्या. दुसऱ्यातल्या प्रत्येक फाइलचा पाथ पहिल्या स्ट्रिंगनेच सुरू होतो. त्यापेक्षा व्हीएफएसयूटिलकोअरमधली इझअ‍ॅन्सेस्टर वापरा, आणि फोल्डरपासूनचा उरलेला पाथ हवा असेल तर तिथलीच गेटरिलेटिव्हपाथ.

फोल्डरचं नाव मराठीत असेल तर आणखी मजा. आपल्याकडे अशी नावं सर्रास असतात आणि का असू नयेत? पण पाथ जेव्हा यूआरएलच्या रूपात येतो तेव्हा देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटचं, आणि प्रत्येक बाइट टक्क्याची खूण धरून ३ अक्षरांची होते. 'केळी' या शब्दात क, एकाराची मात्रा, ळ आणि दीर्घ वेलांटी अशी ४ चिन्हं आहेत. त्याची यूआरएलमध्ये ३६ अक्षरांची माळ होते. जावाच्या यूआरएल क्लासवरची गेटपाथ ही माळ सोडवत नाही, तशीच देते. ती फाइल क्लासला दिली की 'अशी फाइल नाही'. नावात स्पेस असली तरी हेच होतं, तिच्या जागी टक्का-वीस येतं. यूआरएलचं यूआरआय करून मग त्यावरून पाथ बनवला की प्रश्न मिटतो.

यापेक्षाही लपलेली भानगड 'ऱ' ची आहे. 'व्यापाऱ्यांची यादी' या नावातला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकसंध एक चिन्ह म्हणून, किंवा साधा र आणि खाली नुक्ता अशा दोन चिन्हांनी. डोळ्यांना दोन्ही एकसारखे दिसतात. मॅकवरची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टिम नावं फोडलेल्या रूपात साठवायची. विंडोज तुम्ही जे टाइप केलं तेच ठेवते. त्यामुळे सेटिंग्जमध्ये लिहिलेलं नाव आणि डिस्कवरून आलेलं नाव स्क्रीनवर हुबेहूब सारखं असूनही जुळत नाही. अशी नावं ताडताना आधी दोन्ही नॉर्मलाइझ करून, म्हणजे एकाच रूपात आणून, घ्यावीत. हा बग इंग्रजी नावांवर तपासणाऱ्याला आयुष्यात दिसणार नाही, तो आपल्यालाच पकडावा लागणार.

आणखी एक छोटी गोष्ट. इंटेलिजे डिस्क थेट वाचत नाही, तिची स्वतःची व्हर्च्युअल फाइल सिस्टिम मध्ये असते. टर्मिनलमधून आत्ताच बनवलेली फाइल फाइंडफाइलबायपाथला कदाचित दिसणार नाही. रिफ्रेशअँडफाइंडफाइलबायपाथ डिस्क पुन्हा बघून येते, पण ती रीड अ‍ॅक्शनच्या आत बोलवायची नाही.

आता मायक्रोसॉफ्टचा एडिटर, व्हीएस कोड. इथे प्रोजेक्ट ही कल्पनाच नाही. वापरणारा फोल्डर उघडतो, बस्स. सुरुवातीला वर्कस्पेस डॉट रूटपाथ असा एकच पाथ मिळायचा. २०१७ च्या अखेरीस एका खिडकीत अनेक मूळ फोल्डर उघडायची सोय सगळ्यांसाठी आली आणि रूटपाथ कालबाह्य ठरला. आता वर्कस्पेसफोल्डर्स ही यादी मिळते. ती तीन प्रकारे येऊ शकते. कुणी फोल्डर न उघडता एकच फाइल उघडली असेल तर यादीच नसते, अनडिफाइन्ड येतं. एक फोल्डर असेल तर एक नोंद. आणि टीमने अ‍ॅप आणि सर्व्हर एकाच खिडकीत घेतले असतील तर दोन. 'शून्याव्या नोंदीचा पाथ' ही ओळ पहिल्या वेळी कोसळते आणि तिसऱ्या वेळी चुकीचं उत्तर देते. इथेही फाइलपासूनच निघायचं: चालू एडिटरमधल्या डॉक्युमेंटचा यूआरआय घेऊन गेटवर्कस्पेसफोल्डरला द्यायचा, ती त्याचं मूळ फोल्डर सांगते. फाइलच नसेल आणि फोल्डर दोन-तीन असतील, तर शोवर्कस्पेसफोल्डरपिक दाखवून माणसालाच विचारा. त्यात कमीपणा काही नाही.

व्हीएस कोडच्या यूआरआयवर पाथ आणि एफएसपाथ अशा दोन गोष्टी असतात. नोडच्या फाइल फंक्शनांना एफएसपाथ द्यायचा. विंडोजवर पाथमध्ये ड्राइव्हच्या अक्षराआधी एक जास्तीची रेघ असते, तिच्यामुळे बरेच जण गोंधळतात. आणि दोन्ही वापरण्याआधी स्कीम, म्हणजे यूआरआयच्या सुरुवातीचा प्रकार सांगणारा शब्द, बघा. ती 'फाइल' असेल तरच डिस्कवरची साधी फाइल समजायची. अजून सेव्ह न केलेल्या डॉक्युमेंटची स्कीम 'अनटायटल्ड' असते, आणि ब्राउझरमध्ये चालणाऱ्या व्हीएस कोडमध्ये डिस्क नावाची वस्तूच नसू शकते. यासाठी वर्कस्पेस डॉट एफएस आहे, ती पाथऐवजी यूआरआयवर काम करते. धुळ्यात बसून मुंबईच्या सर्व्हरवरचा कोड रिमोटने उघडलाय, अशा वेळी एक्स्टेन्शन (व्हीएस कोडमध्ये प्लगिनला हेच म्हणतात) तिकडच्या मशीनवरही चालू शकतं. मग मिळणारा पाथ तिकडचा असतो. तो कॉपी करून आपल्या लॅपटॉपवर शोधत बसू नये.

एक्लिप्सवर प्लगिन लिहिणारे आता कमी, पण कॉलेजांतून जुने लॅब-प्रोजेक्ट अजून त्यात असतात. २०१५ पर्यंत गुगलचं अँड्रॉइडसाठीचं अधिकृत प्लगिनही एक्लिप्सवरच होतं. तिथे आयप्रोजेक्टवर गेटलोकेशन बोलवायची, तीच डिस्कवरचा खरा पाथ देते. गेटफुलपाथ हे नाव ऐकून पूर्ण पाथ मिळेल असं वाटतं, मिळतो तो वर्कस्पेसपासूनचा: रेघ, प्रोजेक्टचं नाव, पुढे फोल्डर. तो डिस्कवर कुठेच नसतो. वर्कस्पेसच्या फोल्डरला प्रोजेक्टचं नाव जोडून पाथ बनवायची युक्तीही फसवी आहे, कारण प्रोजेक्ट वर्कस्पेसच्या बाहेरून आणलेला असू शकतो.

नेटबीन्सने हा प्रश्न मला वाटतं सगळ्यांत नीट मांडलाय. तिथे फाइलओनरक्वेरी नावाचा क्लास आहे. त्याला फाइल दिली की तिचा मालक प्रोजेक्ट मिळतो, आणि प्रोजेक्टवर गेटप्रोजेक्टडिरेक्टरी. फाइल, मालक, फोल्डर. बाकीच्यांत आपण हाच क्रम स्वतःच्या हाताने जुळवत असतो.

मिळालेला पाथ साठवायचा का, हा शेवटचा भाग, आणि इथे मी हट्टी आहे. पूर्ण पाथ कधीच साठवू नका, निदान गिटमध्ये जाणाऱ्या फाइलमध्ये तर नाहीच. तुमचं 'डी:/कामं/केळी' भुसावळच्या सहकाऱ्याच्या मशीनवर नसतं. इंटेलिजे स्वतःसुद्धा डॉट-आयडियातल्या फाइलींमध्ये पूर्ण पाथच्या जागी दोन डॉलरच्या खुणांमध्ये प्रोजेक्ट-डिर असं लिहून ठेवते आणि उघडताना खरा पाथ भरते. व्हीएस कोडच्या टास्क आणि लाँचच्या फाइलींत तेच काम वर्कस्पेसफोल्डर हे व्हेरिएबल करतं. तुमचं प्लगिन स्वतःची सेटिंग्ज ठेवत असेल तर मूळ फोल्डरपासूनचा पाथ ठेवा आणि गरज पडेल तेव्हा जोडून घ्या. लॉगमध्येही तसंच. होम फोल्डरच्या पाथमध्ये बहुधा माणसाचं नाव असतं. वापरणाऱ्याने एरर रिपोर्ट पाठवला की ते नाव आपोआप तुमच्याकडे येतं, आणि त्याने ते द्यायचं ठरवलेलं नसतं.

टेस्ट लिहिताना इंटेलिजेचा एक स्वभाव माहीत असू द्या. हलक्या टेस्टमध्ये ती फाइली डिस्कवर बनवतच नाही, मेमरीतल्या 'टेम्प' फाइल सिस्टिमवर बनवते. तुमचा कोड व्हर्च्युअलफाइलवर चालत असेल तर काही फरक पडत नाही. मध्येच जावाची फाइल वापरली असेल तर टेस्ट पडते, आणि ते चांगलंच आहे, कारण रिमोटवर तो कोड असाच पडला असता. मग हाताने तपासताना दोन खिडक्या उघडा. एकदा रिपॉझिटरी आणि एकदा तिच्या आतलं फोल्डर उघडा. काहीच न उघडता शॉर्टकट दाबून बघा. आणि एका फोल्डरला नाव द्या 'व्यापाऱ्यांची केळी पट्टी', मधल्या स्पेससकट.